जुना माणूस टाकायचा दिवस

निजामाच्या राज्यात कशाची टंचाई असेल ती असो, नव्या वर्षांची नव्हती. कचेरीतलं फसली साल आजूर महिन्यात बदलायचं, मोहरमला एक बदलायचं, पाडव्याला गुढीबरोबर एक आणि दुकानदारांचं दिवाळीत. एवढी वर्षं बदलूनही युसूफ वडगावच्या वेशीबाहेर दोर वळणाऱ्या सटवाचं काही बदललेलं नव्हतं, आणि त्याची त्याबद्दल तक्रारही नव्हती. मग मोमिनाबादच्या मिशननं ऐन थंडीत पाचवं नवं वर्ष आणलं, आणि त्या वर्षानं थेट सटवाच्या मानेवर हात ठेवला.

वस्तीतल्या सात घरांनी दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. सटवाचा मुलगा आश्रुबा आणि सून बायनाबाई त्यांत होती. सटवा नव्हता. "मरीआईची न् माजी वळख लई जुनी हाय," तो म्हणाला होता. "या वयात दुसरीकडं गेलो तर तिला काय सांगू?" शिकवायला येणारे आसाराम पंतोजी म्हणाले, प्रभू वाट पाहील. आश्रुबा प्रभूइतका थांबायला तयार नव्हता. मरीआईची मूर्ती ठेवलेली डबी, हलगी, चिलीम आणि आपली प्रार्थना एका छपराखाली नांदेना, म्हणून त्यानं दिवाळीच्या सुमारास बापाचं अंथरूण उचललं आणि बाहेर शेळी बांधायच्या सपरात नेऊन टाकलं.

तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं शेळीमार्फत चाले. "हिला पानी दावलं का?" असं एकानं शेळीकडं बघत विचारायचं, "दावलं" असं दुसऱ्यानं शेळीकडंच बघत सांगायचं. शेळीला या कामाचा कंटाळा आलेला दिसत होता.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सटवा सपरात अंबाडीचा दोर वळत बसला होता. मधे फक्त तुराट्यांचा कूड. पलीकडं पंतोजी आश्रुबाची तयारी करून घेत होते.

"नव्या वर्षाच्या एक तारखेला सर्वांसमोर उभं राहायचं आणि स्पष्ट म्हणायचं: आजपासून मी जुना मनुष्य टाकून देतो. म्हण."

"आजपासून मी जुना माणूस टाकून देतो."

"मोठ्यानं. अंगणात ऐकू गेलं पाहिजे."

अंगणात ऐकू गेलं. सपरात त्याहून चांगलं ऐकू गेलं.

"आणि ध्यानात ठेव," पंतोजी म्हणाले, "तो सहजासहजी जाणार नाही. रडेल, विनवण्या करील, पोटापाण्याच्या गोष्टी सांगेल. इतकी वर्षं तुझ्यावर राज्य केलंय त्यानं. एकदा टाकला की मागं वळून बघायचं नाही."

"न्हाई बघनार," आश्रुबा म्हणाला.

सटवाच्या हातातला पीळ उलटा गेला.

त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. दोर वळायला घ्यायचा, चार हात झाला की उठायचा, वस्तीला एक फेरी मारायची आणि परत येऊन वळलेलं उकलायचं. चाळीस वर्षांत त्याच्या दोराला गाठ पडली नव्हती. आता हातभर दोरात तीन पडल्या. टाकणार म्हणजे कुठं टाकणार? शिवाराच्या कडेला? ओढ्याच्या पलीकडं? परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांपाशी म्हातारी माणसं बसतात असं त्यानं ऐकलं होतं. पायऱ्यांपाशी त्यालाही बसू दिलं असतं. वर नाही, पण वर त्याचं काम तरी काय होतं?

दुसऱ्या दिवशी सून भाकरी घेऊन आली, तेव्हा त्यानं आडून खडा टाकला.

"बायना, जुना माणूस टाकायचा म्हणं एक तारखंला?"

"व्हय मामा," बायनाबाई आनंदानं म्हणाली. "समद्यांनीच टाकायचा. मी बी टाकनार हाय."

"तू बी?"

"मग! माजा तर लई खोडील हाय. एक घटका सुखानं बसू देत न्हाई. कवा जातोय असं झालंय."

सटवानं भाकरी खाली ठेवली. बायनाचा बाप लिंबाजी पालीला होता. गुडघे गेलेले, पण माणूस सरळ. त्याला तर यातलं काही ठाऊकही नसणार. सटवा पाणी प्याला, उठला, त्यानं पालीवरून बीडच्या बाजाराला निघालेल्या एका गाडीवानाला वेशीत गाठलं आणि निरोप दिला: "पालीच्या लिंबाजीला सांग, तुज्या लेकीनं बी तुला टाकायचं ठरिवलंय. मनाची तयारी ठिव."

दुसऱ्याचं एवढं बघितल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. ते सपरात पोचेपर्यंत टिकलं.

मग त्याच्या डोक्यात आलं की माणूस जुना म्हणून टाकतायत, तर नवा झालेला बरा. त्यानं पहाटे उठून अंगण झाडलं. गार पाण्यानं अंघोळ केली. चिलीम सोडली, ती दुपारपर्यंत सुटली. देवीची डबी उघडून विचारलं, "तू काय म्हनतीस?" देवी सवयीप्रमाणं काही म्हणाली नाही. बाजाराच्या दिवशी तो एक चांगला दोर घेऊन चाँद अत्ताराकडं गेला आणि दोराच्या बदल्यात मेंदी मागितली.

"क्या बे सटव्या," अत्तार हसून हसून खोकायला लागला. "इस उमर में निकाह करतो काय?"

"न्हाई बाबा. घरात ऱ्हायचं हाय."

"घरात राहायला मेंदी लागते?"

"आमच्या घरात लागती," सटवा म्हणाला.

मेंदी पुरली नाही, किंवा मिशीला लावायला जमलं नाही. डावी मिशी पिकल्या रामफळासारखी झाली आणि उजवी पांढरीच राहिली. सटवानं पाण्यात तोंड बघितलं. अर्धाच माणूस टाकत असतील तर अर्धा तरी वाचलो, असं त्याला वाटलं.

एक तारीख आली. लिंबाखाली सतरंजी घातली होती. सात घरं धुतलेल्या कपड्यांत बसली होती आणि पंतोजी पुस्तक उघडून उभे होते. सटवानं वाकळ, चिलीम आणि देवीची डबी असं बोचकं बांधलं, हलगी काखेत मारली आणि सगळ्यांच्या मागं जाऊन बसला. ओढत नेण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. गाणं झालं, प्रार्थना झाली. प्रत्येक आमेनला तो उठायचा आणि आपली पाळी नाही असं बघून परत बसायचा.

आश्रुबा उभा राहिला. "आजपासून मी जुना माणूस..."

"आलोय," म्हणत सटवा बोचक्यासकट पुढं आला.

आश्रुबाचं तोंड उघडंच राहिलं. "सटवाबा, हे काय? मिशीला काय झालं?" पंतोजींनी विचारलं.

"नवा व्हाया गेलतो. निम्माच झालो. आश्रुबा, तू आपलं टाक. मी रडनार न्हाई, पोटापान्याचं बोलनार न्हाई. तू बी पंतोजी म्हनले तसं मागं वळून बघू नगंस. फकस्त कुटं टाकनार तेवढं सांग. पानी जवळ असलं तर बरं."

सगळ्यांत आधी बायनाबाईला समजलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. मग एकेका घराला समजत गेलं आणि सतरंजी हसू लागली. पंतोजींनी पुस्तक मिटलं, कारण हसू त्यांनाही येत होतं.

"सटवाबा, चुकताय तुम्ही," ते म्हणाले. "जुना मनुष्य म्हणजे आपल्या आतला पापी स्वभाव. ताठा, राग, दगडासारखं मन. तो टाकायचा. तुम्हाला कोण टाकतंय?"

"मी न्हाई त्यो?"

"अहो, नाही."

सटवा खाली बसला. सहा दिवसांनी त्याची पाठ सैल झाली. लोक अजून हसतच होते. मग तो पुन्हा उठला, कारण एक गोष्ट त्याला खरंच कळली नव्हती.

"पंतोजी, टाकायचा त्यो आत असतोय म्हनता. मग मला बाहीर कावून टाकलंय? मी तर दिवाळीपासनं सपरात हाय."

हसणं थांबलं. त्यानं तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. कुठली वाट कुठं जाते असं विचारतात तसं विचारलं होतं. पंतोजींनी आश्रुबाकडं बघितलं. त्या घरी ते दर आठवड्याला येत होते आणि सपराशेजारून जात होते; म्हणून आता त्यांनी पुन्हा पुस्तक उघडलं आणि त्यात बघितलं.

आश्रुबा कानापर्यंत लाल झाला होता. तो पुढं झाला आणि बापाकडं बघून म्हणाला, "आबा, त्ये बोचकं द्या."

अडीच महिन्यांत मधे शेळी नसलेलं हे त्याचं पहिलं वाक्य होतं.

"आश्रुबा," पंतोजी हळूच म्हणाले, "वाक्य अर्धं राहिलं."

"व्हय. ऱ्हायलेलं घरी जाऊन म्हनतो."

बोचकं घेऊन तो पुढं आणि हलगी सांभाळत सटवा मागं, असे दोघं चालले. चालताना बोचक्यातली डबी वाजत होती. सपरापाशी आश्रुबा थांबला नाही. उंबऱ्यावर थांबला. डबी एकदा वाजली. त्यानं मान खाली घातली आणि बोचक्यासकट आत गेला.

सटवा अंगणातच उभा राहिला. सवयीनं त्यानं शेळीकडं बघितलं. "आत जावं का?"

"शेळीला कावून इचारताव?" आतून आश्रुबा म्हणाला. "या की आबा. घर तुमचंच हाय."

तिसऱ्या दिवशी पालीहून लिंबाजी आला. गुडघे गेलेला माणूस काठी आणि घोंगडी घेऊन चार दिवस चालत आला होता आणि वाटेत त्याचा राग वाढतच गेला होता. "कुटं हाय ती बापाला टाकनारी?" तो वेशीपासूनच ओरडत होता. बायनाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. त्याला समजावून सांगायला तिला अर्धा दिवस लागला, आणि सटवा सांगण्यात मदत करू लागल्यामुळं उरलेला अर्धाही लागला.

आता घरात दोन म्हातारे, एक डबी आणि एक हलगी झाली. माणसं मात्र तिघंच मावत होती. सांजेला आश्रुबानं आपली वाकळ उचलली, मुकाट्यानं सपरात नेली आणि शेळीशेजारी अंथरली. गार वारा तुराट्यांतून सरळ आत येत होता. अडीच महिने हा वारा कुणाच्या पाठीला लागत होता ते त्याला तेव्हा समजलं. तो एका कुशीवर वळला, मग दुसऱ्या कुशीवर. पंतोजींनी सांगितलं होतं तसंच होत होतं. जुना माणूस सहजासहजी जात नव्हता. आपण काय वाईट केलं, असं अजून कानाशी विचारत होता.

कुडापलीकडं खोकल्याचा आवाज झाला.

"हिला पानी दावलं का?" सटवानं विचारलं.

आश्रुबा उठून बसला. "दावलं, आबा," तो म्हणाला. "तुमाला पायजे का?"