बटणच्या कानामागचे गोचीड

"पडले! पडले!" चौकात एकच ओरडा झाला. तेलबाबाने कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवला की खालच्या पांढऱ्या चादरीवर टपोरे, करडे गोचीड टपटप पडत आणि बघ्यांची बोटं तोंडात जात.

"घरगुती तेल, माई! लिंबाची साल, कापूर आणि माझी बारा वर्षांची तपश्चर्या. साल अन् कापूर कुठेही मिळेल, तपश्चर्या कुठून आणाल?" बाबाची जीभ तेलापेक्षा गुळगुळीत होती.

शिवणवालीने तापाने मलूल झालेल्या आपल्या कुत्र्याला, बटणला, पुढे केलं. नवरा गेल्यापासून मशीनच्या पायडलपाशी झोपणारा हा एकच जीव तिला उरला होता.

"डॉक्टरच्या गोळ्या बंद. त्या विषाने माझं तेल रुसतं," बाबा म्हणाला. पडलेले गोचीड त्याने फडक्यात बांधून दिले. "न उघडता जाळ. उघडलेस तर दुपटीने परततील."

गोळ्या तिने त्याच दिवशी बंद केल्या. फडकं मात्र कामाच्या गडबडीत मशीनच्या खणातच राहिलं.

पाचव्या दिवशी बटण उठेना. तिने खणातलं फडकं पिशवीत टाकलं आणि त्याला कडेवर घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या.

"गोळ्या चालू आहेत ना?"

उत्तराऐवजी तिने फडकं पुढे केलं. "बाबांनी एवढे काढले हो!"

बाईंनी फडकं सोडून त्यातला एक दाणा कात्रीने चिरला. "ताई, फुगलेला गोचीड फुटला की रक्त निघतं. ही एरंडीची बी आहे." मग त्यांनी बटणचा कान उलटला. खरे गोचीड तिथे दाटीवाटीने चिकटले होते. "तेलाच्या वासाने माश्या घटकाभर लांब राहतीलही. पण चिकटलेला गोचीड त्याने सुटत नाही, आणि रक्तात गेलेला ताप तर नाहीच."

बिया पडल्या कुठून? तिला एकदम आठवलं. बाबाचा सदरा तिनेच शिवला होता. 'औषधाच्या पुडीसाठी' बाहीच्या कडेला चोरखिसा हवा, असं तो म्हणाला होता.

सलाईन संपायच्या आत बटण गेला.

संध्याकाळी ती कात्री घेऊन चौकात शिरली आणि बाबाची बाही धरून टराटरा उसवली. बिया चादरीभर घरंगळल्या.

"पाखंडी बाई! जळून जाशील!"

"ही शिवण माझी आहे, बाबा. कुठे उसवायची ते मला ठाऊक आहे."

कुत्र्याची साखळी धरलेले एक आजोबा चाचरत म्हणाले, "पण पोरी, आमच्या कुत्र्याला गुण आला."

"कान उलटून बघा, आजोबा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, याच्यावरही नको. आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. औषध बंद कर म्हणणाऱ्याला, फडकं उघडू नको म्हणणाऱ्याला विचारा, का म्हणून?" तिला हुंदका आवरेना. "मी विचारलं नाही. माझा बटण त्यापायी मेला."

आजोबा खाली बसले. त्यांनी कान उलटला. आत गोचीड चिकटलेले होते. मग त्यांनी कुत्र्याला उचललं आणि दवाखान्याचा रस्ता धरला.