राजेसाहेबांचं मरण आणि नवा रिले

नाटक मंडळीत त्यांना सगळे राजेसाहेब म्हणत. वर्षानुवर्षं ते राजाचीच भूमिका करत आणि शेवटच्या अंकात विष पिऊन मरत. मरण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं सगळ्यांचं मत होतं. सगळ्यांचं म्हणजे त्यांचं स्वतःचं.

अडचण एकच. त्यांनी शेवटचा श्वास सोडला, की दिवे जाताना विंगेतल्या पेटीतून मोठ्यानं 'टक्!' असा आवाज येई आणि प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसे.

दिव्यांचं काम त्यांची बायको बघायची.

"अगं, मी इकडे जीव सोडतोय आणि तू टकटक कसली करतेस?"

"मी नाही, पेटीतला रिले करतो. दिवे चालू-बंद करणारा विजेचा खटका तो. चुंबकानं आतली पट्टी सोडली की टक् होणारच. तिला काय कळतंय तुमची कला!"

"मग कला कळणारा रिले आण."

बाईंना नव्या वस्तूंचं भारी वेड. त्यांनी लगेच सेमीकंडक्टरचा रिले आणला. "यात हलणारं काहीच नाही. आवाज नाही, ठिणगी नाही, झीज नाही. राजाच्या भूमिकेत असा कुणीतरी हवा होता."

राजेसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भर दुपारी, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून तालीम झाली. दिवे गपगुमान गेले. सगळे खूश.

प्रयोगाला राजेसाहेब झकास मेले. दिवे गेले, आवाज नाही. धन्य होऊन ते रोजच्यासारखे उठले, गुडघे चोळले, खाजरी दाढी उपटून खिशात कोंबली, मुकुट काखेत मारला आणि विंगेकडे निघाले. सभागृह हसून लोटपोट झालं. पहिल्या रांगेतून काळजीचा आवाज आला, "महाराज, आता बरं वाटतंय ना?"

दिवे गेले होते, पण पुरते गेले नव्हते. मंद उजेडात राजा स्वच्छ दिसत होता.

"जुन्या रिलेत पट्टी सुटली की मधे नुसती हवा. वीज पार तुटते," बाईंनी आत समजावलं. "यातून बंद केल्यावरही थोडी झिरपते. एलईडी दिव्यांना तेवढीही पुरते."

"म्हणजे हा पुरता बंदच होत नाही?"

"तुम्ही तरी कुठे पुरते मेलात?"

दुसऱ्या प्रयोगाआधी बाईंनी त्या दिव्यांच्या जोडीला रंगपटात एक जुना पिवळा बल्ब जोडला. झिरपणारी वीज त्यानं निमूट पोटात घातली. रंगमंचावर मिट्ट काळोख. राजेसाहेब इतके सुंदर मेले, की कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. टाळ्या बेताच्या पडल्या.

तिकीट खिडकीवर मात्र लोक विचारू लागले, "मेलेला राजा उठून जातो, ते हेच ना?"

राजेसाहेबांनी दोन दिवस कलेचा अपमान झाल्याचं तोंड केलं. तिसऱ्या दिवशी ते बायकोजवळ येऊन हळूच म्हणाले, "अगं, तो बल्ब काढ. आणि एक सांग, दाढी डाव्या हातानं उपटली तर मागच्या रांगेपर्यंत दिसेल का?"