रेणुकाचा फोन आणि मी

मी एक जुना रग्बीचा चेंडू आहे. अंगाने लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि स्वभावाने जळका. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं.

जालंधरच्या कारखान्यात मला शिवलं. बाजार खुला झाल्यापासून हैदराबादच्या दुकानांत नाना देशांचे चेंडू चमकत होते, तरी श्रीपतरावांनी लेकीसाठी, रेणुकासाठी, मलाच उचललं आणि विद्यानगरला आणलं. रग्बीत पळायचं पुढे, पण हाताने चेंडू टाकायचा तो मागे. त्यामुळे मागे कुणीतरी लागतंच. तिची आई, पंचफुलाबाई, ऑफिसातून आल्या की पदर खोचून गच्चीवर तिच्यामागे धावायच्या आणि मला झेलायच्या. रेणुका सात जणींच्या भारतीय संघात निवडली गेली, तेव्हा तिने मला छातीशी धरलं होतं. ते माझे राजेपणाचे दिवस!

मग परदेशातल्या एका सामन्यात तिने तिघींना हुलकावणी दिली, तो व्हिडिओ देशभर फिरला आणि घरात फोनचं राज्य आलं. दिलसुखनगरात पोरी सेल्फीसाठी तिला गराडा घालू लागल्या. खस्ता खाल्ल्या मी आणि मिरवायला हा! त्याला गुलाबी कव्हर, रोज चार्जिंग, उशीशेजारी जागा. मी खाटेखाली, जुन्या चपलांजवळ. माझा नुसता जळफळाट होई.

गच्चीवर आता फोन स्टँडवर समोर असे आणि रेणुका मला गरगर फिरवत त्याच्याकडे, म्हणजे पुढे, टाकत असे. व्हिडिओ बघणाऱ्यांना नियम कुठे ठाऊक? त्यांना ते झकास वाटे.

"काय करायलीस गं? माझ्याकडं टाक की," पंचफुलाबाई मागून म्हणाल्या.

"नक्को आई, तू फ्रेममधी यायलीस. बाजूला हो ना जरा."

त्या बाजूला झाल्या. पुढे गच्चीवर यायच्याच थांबल्या.

पुढच्या दौऱ्यासाठी निवडीचा सामना झाला. मी आणि फोन पिशवीत होतो, मैदानात चेंडू दुसरा होता. गुणांची रेषा समोर, मैत्रीण मागे मोकळी, आणि रेणुकाने पास दिला तो पुढे. शिट्टी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. हातांना सवयच तशी लागली होती. प्रशिक्षक म्हणाले, "या दौऱ्याला घरीच थांब." फोन मात्र माझ्याशेजारी कौतुकाने थरथरत होता. मेल्याला लाज नाही!

दुसऱ्या दिवशी रेणुका पंप घेऊन खाटेखाली वाकली. माझ्यात हवा भरली.

"आई, मागं उभी राहतीस का?"

"आता फ्रेममधी येत न्हाई का मी?" असं म्हणत पंचफुलाबाईंनी पदर खोचला.

फोन कठड्यावर पालथा पडून वाजत होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण थोडं धावताच पंचफुलाबाईंना धाप लागली आणि मी त्यांच्या हातून निसटलो. पूर्वी असं होत नसे. रेणुकाने मला उचललं आणि हातात धरून ती त्यांच्याजवळ थांबली. अडगळीत मी एकटाच पडलो होतो, असं मी उगीच समजत होतो.

मित्रांनो, मला लाइक नको. अधूनमधून हवा भरा, एवढं पुरे. आणि मागे आई दम खात असेल, तर रेणुका थांबली तसे तुम्हीही मला हातात धरून थोडे थांबा.