उरलेले दोन टक्के

घरोघरी जाऊन लसीबद्दल लोकांचं मत विचारायचं काम मला मिळालं होतं. मतं वयोगटाप्रमाणे यायची. साठीच्या पुढचे म्हणायचे, "आमच्या लहानपणी कुठे होत्या लशी? मेलो का आम्ही?" जे मेले ते दार उघडायला नव्हते, आणि फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता. चाळिशीतल्या लोकांनी एक व्हिडिओ पाहिलेला असायचा, तो मलाही शेवटपर्यंत पाहावा लागायचा. अठरा ते तीस, म्हणजे माझा गट, "सगळ्या लशी झाल्यात का?" याला एकच उत्तर द्यायचा, "आईला विचारतो."

माझं बरं होतं. माझी आईच नर्स. पंचवीसेक वर्षं ती आमच्या भागातल्या पोरांना टोचत होती. लोक तिला पाठलाग सिस्टर म्हणायचे. कुणी डोस चुकवला की ती त्यांच्या दारात जाऊन बसायची आणि चहाला नाही म्हणायची. चहा झाला की उठावं लागतं, असं तिचं म्हणणं. आमच्या भागाचा आकडा अठ्ठ्याण्णव टक्के होता. माझं लसीकरणाचं कार्ड तर बाबांनी लॅमिनेट करून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना मी दिवसभराचे किस्से सांगत होतो. ताई तीन आठवड्यांच्या मुलीला घेऊन राहायला आली होती, ती बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती.

"एका घरात पोरगं थेट माझ्या मांडीवर चढलं," मी म्हणालो. "सर्व्हेच्या टॅबलेटवर खोकलं, त्यात त्याच्या आईचं 'पूर्णपणे असहमत' दाबलं गेलं. अंगभर लाल पुरळ, डोळे लाल, ताप. बाई म्हणाल्या, उष्णता असेल."

ताई हसली. बाबा हसले. आईचा घास हातातच राहिला.

"पुरळ आधी चेहऱ्यावर आलं का?"

"मुलाखत त्याची नव्हती गं."

"गोवर आहे तो. ऊठ. बाळापासून लांब हो."

"अगं, त्याचं कार्ड पूर्ण आहे," बाबा म्हणाले. "मी स्वतः लॅमिनेट केलंय."

"कार्ड खोटं आहे. मीच भरलंय."

पंखा बंद पडल्यासारखं झालं. पंखा चालूच होता.

आईने ताटाकडे बघत सांगितलं. मी तान्हा असताना दुसऱ्या सुईनंतर मला ताप चढला होता आणि आकडी आली होती. "माझ्या हातात निळा पडलास. मी रोज पन्नास बायांना सांगायचे, ताप येतो, उतरतो, घाबरू नका. त्या दिवशी मीच घाबरले. पुढच्या वेळी तुला टोचायला हातच धजेना."

"आणि मग इतकी वर्षं?"

"बाकी सगळ्यांना टोचलं तर तुझ्यापर्यंत काही येणारच नाही, असं ठरवलं. म्हणून कुणाचं एक मूल सुटू दिलं नाही."

हजारो पोरं भोकाड पसरून रडली होती, ती माझ्यासाठी. आणि मला वाटायचं, या घरात माझं कुणी काही करत नाही. ते आजारी पोरगं शेजारच्या भागातलं होतं. तिथवर तिचा पाठलाग पोचत नव्हता.

"मला तरी सांगायचंस," बाबा म्हणाले.

"सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही ते लॅमिनेट करून आणलंत."

ताईने बाळाला छातीशी धरलं. ती हळूच म्हणाली, "आई, बाळाला जन्मल्यावर टोचलंस ना?"

"म्हणजे काय? तुझ्यासमोर!"

"मी डोळे मिटले होते."

ताईने बाळाचे कपडे पिशवीत कोंबायला घेतले. अर्ध्या तासात भाऊजी गाडी घेऊन आले. आई दारापर्यंत मागे गेली.

"टोचलंय गं. शप्पथ."

"कार्डावरही तसंच लिहिलंय," ताई म्हणाली आणि गाडीत बसली.

तीन दिवसांच्या आत सुई घेतली तर गोवर टळू शकतो. म्हणून सकाळी आईच्या केंद्रात पहिल्या खुर्चीवर मी बसलो. मागे मांडीवर बाळं घेतलेल्या आठ-दहा बाया. त्या रांगेत दाढी असलेला मी एकटाच.

"ताप येईल का?" मी विचारलं.

"येईल."

"आणि आकडी?"

"या वयात नाही येत." ती थांबली. "बहुतेक."

मागची बाई म्हणाली, "सिस्टर, आम्हाला कधी बहुतेक म्हणाला नाहीत."

आईने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि रांगेकडे तोंड करून सगळं सांगितलं. ताप, आकडी, खोटं कार्ड, सगळं. डॉक्टर आतून येऊन दारात उभे राहिले. मला एखादा विनोद करायचा होता, एकही सुचला नाही. दोघी जणी बाळं उचलून निघून गेल्या. बाकीच्या दोन दोन खुर्च्या पुढे सरकल्या. मग तिने मला टोचलं. दुखलं.

तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. दुसरी नर्स नसल्यामुळे टोचायचं काम मात्र तिच्याकडेच राहिलं. निघून गेलेल्या दोघींच्या दारात ती जाऊन बसली. एकीने दार उघडलं. मी तीन आठवडे खोलीत बंद होतो. एक दिवस ताप आला, तेव्हा आई दाराबाहेर रात्रभर बसून होती. पुरळ आलं नाही. ताईने एकदाही फोन उचलला नाही.

बाळ सहा आठवड्यांचं झालं, पुढच्या सुईची वेळ आली, त्या दिवशी मी आईचा डबा द्यायला केंद्रात गेलो. रांगेत शेवटच्या खुर्चीवर ताई बसली होती, कुणाचीच कुणी नसल्यासारखी. तिचा नंबर आला.

"डॉक्टरांना बोलावू का?" आईने विचारलं. "ते देतील."

"नको," ताई म्हणाली. तिने बाळाची मांडी उघडी केली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "तूच दे. पण सावकाश. मला बघायचंय."