‘झालं का?’ विचारणारी डायरी

मित्रांनो, मी एक जुनी डायरी आहे आणि एका जागी गप्प पडून राहणं मला आजवर जमलेलं नाही. तुम्ही म्हणाल, वहीला कसली आलीय चुळबुळ? पण मी राहते कुठे ते आधी ऐका. मी राहते ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात. शेजारी एक पुसायचं फडकं, गाडीचे कागद आणि अर्धी संपलेली खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी. शिकाऊ माणसाने क्लच झटकन सोडला की गाडी टुणकन उडी मारते, आणि गाडीबरोबर मीही. अशा आयुष्यात कोण शांत राहील?

माझा जन्म मात्र अगदी शांतपणे झाला. कागद कापला गेला, शिलाई झाली, निळं जाड कव्हर चढलं आणि त्यावर सोनेरी अक्षरांत उमटलं, ‘माझी ध्येये’. आतल्या प्रत्येक पानावर वर छापलेलं होतं, ‘या महिन्याचं ध्येय’. मधे मोकळ्या ओळी. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, ‘झालं का?’ असं विचारणारा एक रिकामा चौकोन. मित्रांनो, हा चौकोन म्हणजे माझ्या पोटातली भूक समजा. त्यात बरोबरची खूण पडली की मला जेवल्यासारखं वाटतं.

दुकानाच्या काचेआड मी उभी होते, तेव्हा आमच्या बाईंनी मला उचललं. बाई म्हणजे गाडी शिकवणाऱ्या बाई. त्यांनी नुकताच एक ब्लॉग सुरू केला होता. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादाचा ब्रेक असतो ना, त्यावरून नाव ठेवलं होतं ‘दुसरा ब्रेक’. गाडीची भीती वाटणाऱ्या मोठ्या माणसांच्या गोष्टी त्या तिथे लिहायच्या. दोन धड्यांच्या मधल्या वेळात, कडेला गाडी लावून, मला मांडीवर घेऊन आधी कच्चं लिहायच्या. त्यामुळे माझ्यातलं अक्षर कधीच सरळ नाही. इंजिन चालू असलं की ओळ थरथरते.

पहिल्या पानावर बाईंनी ठसठशीत लिहिलं, ‘वाचक वाढले पाहिजेत. ओळखी वाढल्या पाहिजेत. ब्लॉगर संमेलनाला गेलं पाहिजे.’ सगळं ‘पाहिजे’तच. मी मात्र फुलून गेले. एवढी मोठी ध्येयं, आणि तीही माझ्या पहिल्याच पानावर.

पहिल्या संमेलनाला त्या गेल्या, कारण सगळे जात होते. येताना एक कापडी पिशवी, तीन-चार पेनं आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र घेऊन आल्या. दुसऱ्याला गेल्या, कारण सभागृह घराजवळ होतं. तिथे एका वक्त्याने सांगितलं की मथळा असा हवा, वाचणाऱ्याचं बोट आपोआप त्यावर पडलं पाहिजे. बाईंनी ते माझ्यात लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघा मला अजून टोचतात.

कारण पुढच्याच आठवड्यात त्यांनी तसा मथळा शोधून काढला. त्यांच्याकडे एक दातांचे डॉक्टर गाडी शिकत होते. अबोल, नीटनेटके, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. पुढे जाताना ठीक, पण रिव्हर्स म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. बाईंनी लिहिलं, ‘दाताच्या डॉक्टरला रिव्हर्सची कळ’. आत वर्णन रंगवलं होतं. पेशंटला म्हणतात तसं डॉक्टर स्वतःलाच ‘काही होणार नाही’ म्हणतात, आणि गियर टाकताना त्यांचे हात पानासारखे थरथरतात.

लेख तुफान वाचला गेला. वाचक वाढले. बाईंनी मला उघडलं आणि चौकोनात झोकदार खूण केली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार फार छान वाटलं.

पण लेखात नाव नसलं म्हणून काय झालं? त्या भागात दातांचा डॉक्टर एकच. लोक दवाखान्याच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, “डॉक्टर, जरा मागे सरकू का, की नको?” काहीजण बसायलाच येईनासे झाले. डॉक्टरांचा बाईंना निरोप आला, ‘पुढच्या धड्यांना येणार नाही. धन्यवाद.’ एवढाच. रागाचा एक शब्द नाही. बाईंनी तो निरोप वाचला, लेख ब्लॉगवरून काढून टाकला, आणि मला कप्प्यात टाकून झाकण लावलं.

त्यानंतर बरेच महिने त्यांनी मला हात लावला नाही. मी नुसती खडखडत राहिले. वळणावर डावीकडे, वळणावर उजवीकडे. फडक्याखाली जायचे, पुन्हा वर यायचे. माझी पानं बंद ठेवणारी रबरी पट्टी सैल पडली. बाहेर बाईंचा आवाज ऐकू यायचा, “आरशात बघा. इशारा द्या. घाई नको.” आणि मला आत वाटायचं, बाई, मला घाई आहे. कुणीतरी मला उघडा.

मग एक दिवस कप्पा उघडला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी बाईंना एकच शनिवार-रविवार सुट्टी दिली होती, कारण पुढे परीक्षांची गर्दी होती. आणि त्याच दोन दिवसांत दोन संमेलनं होती. एक समुद्रकाठच्या हॉटेलात, ओळखीच्या ब्लॉगर मैत्रिणी तिथे जाणार होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला पुरस्कार होता. दुसरं मोठ्या शहरात, भल्यामोठ्या सभागृहात. बाईंनी माझ्यात लिहिलं, ‘ही शेवटची खेप. यातूनही काही निघालं नाही, तर ब्लॉग बंद.’ आणि समुद्रकाठच्या संमेलनाभोवती एक गोल काढला.

ब्लॉग बंद म्हणजे मीही बंद.

त्या वेळी ड्रायव्हरच्या जागेवर गियरआजी बसल्या होत्या. बाईंची ही सगळ्यात म्हातारी विद्यार्थिनी. गियर टाकण्याआधी त्याला थोपटायच्या, म्हणून हे नाव. त्या मान तिरकी करून माझ्यात डोकावल्या.

“काय लिहितेस गं?”

“काही नाही आजी. क्लच दाबा.”

“गाडी बंद आहे, बाळा.”

बाईंनी पेन मिटलं. आजी काही सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. “समुद्रावर चाललीयेस होय? कशाला?”

“संमेलन आहे. ओळखी वाढतात.”

“कुणाशी?”

“लोकांशी.”

“लोक इथेही आहेत की. तो बघ एक, मागे हॉर्न बडवतोय.” आजींनी आरशात बघून मागच्याला हाताने पुढे जायची खूण केली. “पहिल्या दिवशी तू मला विचारलंस, गाडी शिकून कुठे जायचंय. मी म्हटलं, कुठेही. तू म्हणालीस, एक ठिकाण सांगा, तरच शिकवते. मी बहिणीचं घर सांगितलं. तिचं घर चढावर, म्हणून तेव्हापासून मला चढच शिकवतेयस. माझे गुडघे वाजायला लागले त्या चढाने. आता मी विचारते. तिथे जाऊन तू कुणाला काय विचारणार?”

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “विचारायचं तर एकच आहे. पण ते संमेलनात विचारण्यासारखं नाही.”

“मग जाऊच नकोस. किंवा ते विचारता येईल असं संमेलन शोध. आणि आता सांग, क्लच आधी की चावी आधी?”

त्या दिवशी बाईंनी माझ्यावर छापलेलं ‘या महिन्याचं ध्येय’ खोडलं. वर लिहिलं, ‘या महिन्याचा प्रश्न’. आणि खाली, ‘खऱ्या माणसाबद्दल लिहायचं, तर त्याला न दुखावता कसं? आणि दुखावून झालं असेल तर?’ इतकी पानं भरली होती माझी, पण प्रश्नचिन्ह बाईंच्या हातून पहिल्यांदाच उमटलं. मला गुदगुल्या झाल्या.

मग त्या दोन्ही संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका घेऊन बसल्या. प्रत्येक भाषणापुढे पेन्सिलीने लिहीत गेल्या, ‘या माणसाला माझ्या प्रश्नाचं उत्तर माहीत असेल का?’ समुद्रकाठच्या यादीत सगळीकडे ‘नाही’ आलं. मोठ्या संमेलनातही नाही, नाही, नाही. मी चुळबुळत होते. शेवटी अगदी तळाशी, जेवणाच्या सुट्टीत, तळमजल्यावरच्या लहान खोलीत एक सत्र सापडलं. ब्लॉग लिहिणारी एक परिचारिका बोलणार होती. विषय होता, ‘माझ्या वॉर्डातली माणसं’. बाईंनी तिथे टोक मोडेपर्यंत पेन्सिल दाबली.

संमेलनाच्या दिवशी मी बाईंच्या पिशवीत होते. काय ती गर्दी, काय ते दिवे. एक ओळखीची ब्लॉगर धावत आली. “अगं, चल ना. स्टेजजवळ आत्ता रांग नाहीये, पटकन फोटो काढू. सुट्टी झाली की चेंगराचेंगरी होईल.” बाई चार पावलं तिच्यामागे गेल्यासुद्धा. मी पिशवीत घामाघूम. मग त्यांनी पिशवीत हात घातला, माझी कड चाचपली आणि म्हणाल्या, “तू हो पुढे. मला खाली काम आहे.”

खाली जेमतेम दहा-बारा माणसं होती. परिचारिका मधेमधे डब्यातला घास घेत बोलत होत्या. बाईंनी मला उघडून प्रश्न वाचला आणि डॉक्टरांची हकिकतही सांगितली. पोटात दडवून ठेवलेली ती गोष्ट त्या पहिल्यांदाच कुणाला सांगत होत्या.

“त्यांना आधी वाचून दाखवलं होतं?”

“नाही. पण नाव नव्हतं लिहिलं.”

“दातांचा डॉक्टर, म्हणालात ना. किती आहेत तुमच्याकडे?”

“एकच.”

खोलीत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. परिचारिकाही हसल्या नाहीत. डबा बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “मी आधी वाचून दाखवते. नको म्हणाले तर फाडते. एकेक झकास लेख फाडलेत मी, अजून जीव हळहळतो.”

“आणि आधीच लोकांनी वाचलं असेल तर?”

“तर आता जायचं आणि समोर बसून वाचायचं. सोपा उपाय हवा असेल तर वरच्या हॉलमध्ये विचारा. तिथे असेल.”

बाईंनी ते लिहून घेतलं. या वेळी खाली रेघा ओढल्या नाहीत.

परतल्यावर त्यांनी नवा लेख लिहिला, माझ्यातच. त्यात जुनी सगळी हकिकत होती आणि पुढे असं होतं, की ज्याची भीती सांभाळायला मी शेजारी बसले होते, त्यालाच मी हसले. मग मला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि पेशंटांच्या रांगेत बसल्या.

आत गेल्यावर डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघताच विचारलं, “कुठला दात?”

“दात नाही. वाचून दाखवायचंय. थांबा म्हणालात तर थांबेन.”

डॉक्टरांनी हातानेच खुर्ची दाखवली. बाई त्या लांब खुर्चीत बसून वाचू लागल्या. डोक्यावर तो मोठा दिवा. मी त्यांच्या हातात, आणि इंजिन बंद असूनही माझ्या ओळी थरथरत होत्या. हात पानासारखे थरथरतात, हे वाक्य आलं, तसे डॉक्टर म्हणाले, “थांबा.”

बाई थांबल्या.

“हे चूक आहे. तेव्हाही चूक होतं.” त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. “तुम्ही मला भित्रा म्हणालात, ते खरंच आहे. मी भितो. पण हात? अहो, दाताच्या डॉक्टरचे हात थरथरतात म्हटल्यावर माझ्यासमोर तोंड कोण उघडेल?”

बाईंचा चेहरा पडला. इतके महिने त्यांना वाटत होतं की डॉक्टर हसण्यावर चिडलेत. त्या एका शब्दाकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

“माझे गुडघे थरथरतात,” डॉक्टर म्हणाले. “खालून. तुम्हाला दिसत नव्हतं, तुम्ही वरच बघत होतात. आणा ती वही.”

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर बाईंखेरीज दुसऱ्या कुणाचं अक्षर उमटलं. त्यांनी ‘हात’ खोडला आणि बारीक, सरळ, एकही रेघ न हलता लिहिलं, ‘गुडघे’. मग खोडसाळपणे पुढे कंसात लिहिलं, ‘हात एकदम घट्ट’.

“आता लावा ब्लॉगवर,” ते म्हणाले. “तोच जुना मथळा लावा. वाईट नव्हता.”

ब्लॉग बंद झाला नाही. डॉक्टर गाडी शिकायला अजून तरी आलेले नाहीत. बाई विचारत नाहीत, आणि मला मात्र रोज विचारावंसं वाटतं. माझी शेवटची थोडी पानं उरलीत. प्रत्येकावर आता वर प्रश्न असतो, आणि खालच्या चौकोनात बाई लगेच खूण करत नाहीत. मला भूक लागते, पण कळ काढते.

तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल, कव्हर घालून, कोरी, कपाटात. मित्रांनो, तिला असं जपू नका. तिला घेऊन बाहेर पडा, जाल तिथे काय विचारायचं ते आधी तिच्यात लिहा, तिची पानं मळू द्या, दुमडू द्या. आणि कुणाबद्दल तिच्यात लिहिलंत, तर एकदा तरी त्याच्या हातात पेन द्या.