शनिवार-रविवारची माणसं

वुपरटाल

इथली आगगाडी उलटी लटकते. रूळ वर, डबे खाली, डब्यांखाली नदी. दादाने स्टेटस टाकलं. मी मोबाइल बाबांच्या ताटाशेजारी ठेवला.

"पडत नाय?" बाबा म्हणाले.

"नाय."

"अभ्यास कधी करतो हा?"

धनेशदादा जर्मनीत डॉर्टमुंडला एमएस्सी करतो. तिथल्या विद्यार्थ्यांच्या पासावर आसपासच्या सगळ्या गाड्या चालतात. त्यामुळे शनिवार आला की तो कुठेतरी, आणि आम्ही भातसानगरच्या कॉलनीत त्याच्या मागे, जेवता जेवता.

आखेन

इथे गावाच्या मधोमध गरम पाण्याचे झरे आहेत. दादाने लिहिलं, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

"वज्रेश्वरीला कधी चल म्हटलं तर आला नाय," आई म्हणाली. "वास घ्यायला तिकडं गेला."

बाबा हसले नाहीत. बाबा धरणावर चौकीदार आहेत. आठवडाभर त्यांच्यासमोरून पाणी जातं आणि शनिवारी मुंबईची माणसं येतात. साहेब, पुढं नाय जायचं. काका, एकच फोटो. साहेब, पाटी वाचा. काका, तुम्हीच काढा ना एक. घरी आल्यावर बाबा त्यांना नावं ठेवत नाहीत, नुसतं 'शनिवार-रविवारची माणसं' म्हणतात, आणि ते शिवीपेक्षा वाईट लागतं. एकदा त्यांच्यातल्याच एका बुडालेल्या मुलाला बाबांनी गळ टाकून पाण्याबाहेर काढलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. गणवेश वाळत घातला आणि तो वाळेपर्यंत समोर बसून राहिले.

म्योने

आणि दादा गेला तो नेमका धरणावर. भिंतीवरून लोक फिरताहेत, बाबागाड्या, कुत्री, हातात आइस्क्रीम. बाबांनी फोटो मोठा केला. बारीक केला. परत मोठा केला.

"चौकीदार कुठंय?"

मी दादाला विचारलं. उत्तर आलं, कॅमेरे आहेत.

"कॅमेरा गळ टाकतो का?" बाबा म्हणाले आणि ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी भगीरथकाका भेटले. ते बाबांबरोबर ड्यूटीला असतात. "काय देवजी, पोरगा शिकायला गेलाय का मामाच्या गावाला? आता पोरीला पण धाड, ती पण हिंडंल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं फक्त.

कारण ती पोरगी म्हणजे मी. रत्नागिरीच्या मत्स्यशास्त्र कॉलेजात माझं नाव लागलं होतं. पुढच्या सोमवारी बाबांनी सोबत येऊन प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. घरात मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते: वर्ग आणि हॉस्टेल, हॉस्टेल आणि वर्ग, बाकी काय नाय तिथं.

गुरुवार, कुठलंच गाव नाही

मी दादाला फोन केला, कॉलनीच्या मागच्या बाजूला जाऊन.

"या शनिवारी काही टाकू नको."

"का गो?"

"तू हिंडतोस आणि शिक्षा मला. सोमवार होऊ दे, मग चंद्रावर जा."

"आणि शनिवारी मी काय करू?"

"अभ्यास. लोक करतात."

"सारू, इथं सुट्टीच्या दिवशी जिन्यात पण कोण दिसत नाय. खोलीत बसलो की दार आपणच वाजवून बघावंसं वाटतं. म्हणून गाडीत बसतो. कुठली पण."

मला त्याचं वाईट वाटलं. पण सोमवार जवळ आला होता.

"जा मग. पण टाकू नको."

"बरं, मास्तरीणबाई."

शनिवार

बाबा ड्यूटीवरून आले. पाय धुतले. मोबाइलकडे बघितलं. चहा घेतला. परत बघितलं.

"आज काय नाय?"

"अभ्यास करत असेल," मी म्हणाले. हे वाक्य मी दोन दिवस घोटून ठेवलं होतं. वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल त्यांना.

बाबा बाहेर गेले. आत आले. टीव्ही लावला, बंद केला. परत बाहेर. ओट्यावरूनच आईला विचारलं, "त्याला पोहता येतं ना?"

"भातसाकाठी वाढलाय तो."

"बुडतात ते पोहणारेच." मग माझ्याकडे वळून, "लाव त्याला."

मी लावला. स्पीकरवर दादा म्हणाला, "खोलीत आहे बाबा. अभ्यास."

मागे कुठेतरी भोंगा वाजला. कोणाचं तरी पोर किंचाळलं. वारा तर फोनवर बसल्यासारखा.

"खोलीत वारा?"

"खिडकी उघडी आहे."

बाबांचा हात ओट्याच्या कडेवर होता. बोटं पांढरी झाली होती. तेवढं बघितलं आणि मला राहवेना.

"मीच सांगितलं त्याला," मी म्हणाले. "फोटो टाकू नको म्हणून. सोमवारसाठी."

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.

"म्हणजे तू पण उद्या पाण्यात उभी राहशील आणि मला सांगशील, खोलीत आहे."

याचं उत्तर मी घोटलेलं नव्हतं.

"राहणारच आहे पाण्यात," मी म्हणाले. "होडीतून नेतात. समुद्रात. तोच अभ्यास आहे. तुमी घाबराल म्हणून वर्ग वर्ग म्हणत होते."

आई आतून बाहेर आली. फोनमधून नुसता वारा येत होता.

"धनेश," बाबा म्हणाले, "दाखव कुठं आहेस ते."

दादाने व्हिडिओ लावून कॅमेरा फिरवला. मोठी करडी नदी, लांबुळकी मालवाहू नाव, दगडी काठ, कठडा नाही.

"मागं सर."

चित्र हललं.

"अजून मागं." आणि नजर न काढता मला, "रत्नागिरीची गाडी कुठून?"

"सकाळी, दिव्याहून."

"सोमवारी तिथं पोचायचं तर उद्याच निघायला लागंल. उद्या रविवार. धरणावर जत्रा असते माणसांची." एवढं बोलून ते तसेच उभे राहिले. मग मोबाइल माझ्या हातात दिला, चप्पल घातली. "भगीरथला विचारून येतो, उद्या माझ्या जागी उभा राहतो का."

ते गेले. स्क्रीनवर गवत आलं, मग बाक, मग झाडं. दादा अजून मागेच सरत होता.

"सारू," तो म्हणाला, "आता थांबू का?"