परक्या कारखान्यातला पाना

मी स्क्रू पाना बोलतोय. हळू बोलतो, आणि शाळेत मी फक्त बाक दुरुस्त करायला गेलोय. तेवढं सांभाळून घ्या.

माझा एक जबडा जाड, जागचा न हलणारा. दुसरा, अंगठ्यानं फिरकी फिरवली की पुढेमागे सरकतो. म्हणून लहान-मोठा कुठलाही नट मला चालतो. भट्टीतून लाल होऊन निघालो, घणाखाली चेपला गेलो, पाण्यात चरचरलो आणि एका मिस्त्रींच्या हाती आलो. त्यांच्या देशात मी, एक हातोडी आणि एक पक्कड, एवढ्यावर माणूस संसार उभा करतो.

मग मिस्त्री बायकोला घेऊन परदेशी कामाला गेले. मी त्यांच्या कपड्यांच्या घडीत होतो.

त्या कारखान्यात नाना देशांची माणसं. मला बघून वेल्डर, ज्याच्या भाषेत पान्याला किल्लीच म्हणतात, म्हणाला, "अरे, ही तर आमच्या शेजारच्या देशाची किल्ली!" टर्नर त्या शेजारच्याच देशाचा. तो म्हणाला, "आमची कसली? आम्ही हिला समुद्रापलीकडच्यांची किल्ली म्हणतो." समुद्रापलीकडून आलेला रंगारी तिथेच ब्रश धूत होता. "आमच्याकडे पोपट म्हणतात. चोच बघा ना!"

मला गंमत वाटली. म्हणजे मी जाईन तिथे पाहुणाच.

फोरमनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या भिंतीवर मापामापाचे पाने टांगलेले होते, शाळेच्या रांगेसारखे. "मिस्त्री, हे नट खाणारं जनावर माझ्या कारखान्यात नको. कोपरे झिजवतं ते. ज्याच्या हातात हे दिसतं, त्याच्या हातात मी इंजिन देत नाही."

तेव्हापासून मिस्त्री धुण्याच्या टाकीवर बसून सुटे भाग धुऊ लागले आणि मी घरी आलो. मिस्त्रींच्या बायकोनं मला अक्रोड फोडायला घेतलं. कवच फुटतं पण गर मोडत नाही, असा जोर मी तिच्याच हातून शिकलो.

एका संध्याकाळी मिस्त्री तळहात बघत बसले होते. पाण्यानं कातडी पांढरी पडली होती. "अगं, असंच चाललं तर माझे हात काम विसरतील."

"विसरतात कसले!" ती म्हणाली. "काल झोपेत माझं मनगट पिळत होतात. नट समजून."

ते हसले. पण जेवले थोडंच.

मग एक दिवस ते भर दुपारी धापा टाकत घरी आले. माझ्या जबड्यात अडकलेलं कवच काढलं आणि मला घेऊन निघाले. कारखान्यात दवाखान्याचा पाण्याचा पंप दुरुस्तीला आला होता. बाहेरदेशी बनलेला, जुना. नट सगळे इंचाच्या मापाचे, आणि भिंतीवरचे पाने सगळे मिलिमीटरचे. एक पाना बसल्यासारखा वाटत होता, केसभरच सैल. बाईंनी तो लावून जोर केला आणि पहिल्याच नटाचे कोपरे गेले. इंची पाने मागवले तर यायला वेळ लागणार होता, आणि दवाखाना वाट बघत होता. तेव्हा मिस्त्री टाकीवरून उठून म्हणाले होते, "मी करू?"

आम्ही पोचलो तेव्हा बाई म्हणाल्या, "एक जरी नट खाल्ला ना, तर कायमची टाकीवरची धुलाई."

मिस्त्रींनी मला नटावर ठेवलं. अंगठ्यानं फिरकी घट्ट केली, जरा हलवून पाहिलं, पुन्हा घट्ट केली. आजारी माणसाची नाडी बघावी तसं. मग जाड जबड्यावर जोर घेऊन ओढलं. नट कुरकुरला आणि सुटला. पुढचाही सुटला. दर नटाला तीच चौकशी, तीच सावकाशी.

राहिला तो कोपरे गेलेला नट. त्याच्यावरून मीही घसरलो. मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "त्याची ही दशा मी केलीय." त्यांनी कानस घेतली आणि नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट केल्या. किती सुंदर हात होता त्यांचा! पण आता त्या नटाला कुठलंच माप उरलं नव्हतं. भिंतीवरचे सगळे पाने नुसते टांगलेले राहिले. बाईंनी आपण होऊन मला उचललं.

"उलटा धरलात, बाई," मिस्त्री हळूच म्हणाले. "जाड बाजूवर जोर येऊ द्या. पातळ जबडा नुसता सोबतीला."

बाईंनी मला फिरवलं. एक हात त्यांचा, एक मिस्त्रींचा. ओढलं. आधी काहीच नाही. मग आतून एक बारीक चीत्कार आला आणि नट फिरला. वेल्डरनं शीळ घातली.

मिस्त्री सवयीनं टाकीकडे वळले. बाई म्हणाल्या, "तिकडे कुठे? पंप उघडलात तुम्ही, आता बंदही तुम्हीच करायचा. आणि उद्या इंजिनावर या."

मिस्त्रींनी तेलकट हात पँटला पुसले, दोनदा, आणि पंपाशी गुडघे टेकून बसले.

आता माझी फिरकी सैल झालीय, जबडा डुगडुगतो. तरी मी मिस्त्रींच्या खिशातच असतो. माप असलेल्या नटाला ते भिंतीवरचा पानाच घेतात, आणि ते बरोबरच आहे. तुम्हाला मी कुठे दिसलो तर कुठल्याही नावानं हाक मारा, मी येईन. फक्त नटाला हात घालण्याआधी त्याची थोडी चौकशी करा. बरंय, निघतो. मिस्त्रींनी हात पुढे केलाय.